काहूनराव आणि खाडीचे मासे

भाव चढला म्हणून साखर वाटणारे लोक मी त्या काळात पुष्कळ पाहिले. ती चिमूटभर साखर हातात धरून "काहून?", म्हणजे "का?", असं विचारणारा माणूस मात्र एकच पाहिला. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि अकोल्याच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची किंमत आली होती. लढाईमुळे भाव चढला, असं कोणी सांगितलं की आमचे पाटील विचारायचे, "ते लढून काहून राहिले? अन् लढणं थांबलं तं?" यावर लोक हसायचे आणि आणखी कापूस कोंडून ठेवायचे. पाटलांनी तेवढ्या एका प्रश्नापायी आपला कापूस वेळेत विकून टाकला. गावाने त्यांचं नाव काहूनराव ठेवलं होतं. तोंडावर पाटील, पाठीमागे काहूनराव. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचा राग त्यांना कधी आला नाही. आता त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण वऱ्हाडात कोणी नुसतं "काहून" म्हटलं तरी माझी मान वळते.

मी कोकणातला. खाडीवर माझ्या वडिलांची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चाले. ते गेले तेव्हा मी तिसऱ्या इयत्तेत होतो. शाळा तिथेच सुटली. पुढे मिसरूड फुटल्यावर मुंबईच्या एका अडत्याने कापूस तोलायला आणि चार अक्षरं लिहायला म्हणून मला अकोल्याला आणलं. लढाई संपली, भाव कोसळला आणि अडत्या एके दिवशी वखारीला कुलूप लावून निघून गेला. मी त्या कुलपासमोर वळकटीवर बसलो होतो. बाजाराला आलेले काहूनराव तिथे थांबले आणि मी का बसलोय ते विचारलं. जायला ठिकाण नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझी वळकटी उचलून आपल्या बैलबंडीत टाकली.

त्यांचं गाव अकोला आणि मूर्तिजापूरच्या मधे, पूर्णेच्या खोऱ्यातलं. जमीन काळी, लोण्यासारखी. पण विहिरींचं पाणी खारट. गुरं ते पीत, धुणीभांडी त्यात होत. माणसांना प्यायला चार कोसांवरच्या गोड विहिरीचं पाणी बंडीने येई. त्या घरात मला दोन वेळा पोटभर भाकरी मिळे, पण काम काही नव्हतं. मला त्याचीच धास्ती. ज्याला काम नाही त्याला एक दिवस कोणीतरी "जा" म्हणणारच, असं वाटून मी न सांगता अंगण झाडायचो, दोर वळायचो.

मग काहूनराव मला घेऊन अमरावतीला गेले. कापसाच्या भावाबरोबर बुडालेल्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या सामानाचा लिलाव होता. खुर्च्या, आरसे गेले, आणि शेवटी एक भलीमोठी काचेची पेटी राहिली. साहेबाने हौसेने समुद्राचं पाणी पिंपांतून आणवून तीत मासे ठेवले होते, आणि ते सगळे मेले होते. काहूनरावांनी लिलाव पुकारणाऱ्याला विचारलं, "काहून मेले?" त्याने हात उडवले. ज्या गोष्टीचं उत्तर मिळत नाही ती वस्तू घरी न्यायची, असा त्यांचा खाक्या होता. परतताना बंडीत पेटीला हात लावून ते मला म्हणाले, "माह्या आंगणात समुद्र हाय, लेका. फकत मासोया नाही. अन् तू त्या समुद्राचा. हे काम तुह्यं."

मला मासा धरायचा ठाऊक होता आणि खायचा ठाऊक होता; जगवायचा नव्हता. तसं मी सांगितलंही. ते म्हणाले, मलेही माहीत नाही, म्हणून तर पाहू. पण मी मनात हिशेब केला, की मासे जगले तर मी राहीन.

पेटी ओसरीवर उत्तरेच्या बाजूला ठेवली. खाऱ्या विहिरीचं पाणी भरलं, समुद्राइतकी खार यावी म्हणून मीठ घातलं, आणि मुंबईहून आगगाडीने बरण्यांतून आणवलेले सगळे मासे एकदमच आत सोडले. पंचक्रोशी लोटली. येणारा प्रत्येक जण काहीतरी टाकायचा: ज्वारीचे दाणे, भाकरीचा तुकडा, एकाने तर वरणभात. पाटलीणबाई स्वतः सकाळ-संध्याकाळ कण्या घालायच्या. मी भीतभीत नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "इतक्या दुरून आले बिचारे. पाटलाच्या घरी पाहुना उपाशी ठेवतेत काय रे?" चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं गढूळ झालं, मासे वर येऊन तोंड उघडू लागले, आणि आठवड्यात एकही उरला नाही. खायचे नव्हते तर आणले कशाला, असं गावात बोललं गेलं.

मी वळकटी बांधायला घेतली होती. काहूनराव मात्र त्या घाण पाण्याशी मांडी घालून बसले होते. मला बोलावून त्यांनी प्रश्न लावले. खाडीत भात कोण टाकतं? मासोळीची घाण तिथं कुठं जाते? खडक चिकट काहून असते? मी जमेल तसं सांगत गेलो. बोलता बोलता माझ्याही ध्यानात आलं, की आमच्या खाडीत पावसाळ्यात पाणी गोड होतं, उन्हाळ्यात खारं, आणि काळुंदर मासा दोन्हींत सुखाने राहतो. समुद्राच्या माशाला ही फिरत्या पाण्याची सवय नाही. काहूनराव म्हणाले, "मंग आपन राजाले बलावलं अन् गड्याची खोली देल्ली. त्यालेच आन, ज्याले असं पानी चालते."

माझा मामा गलबतावर होता. मुंबईला निरोप धाडला. आधी त्याने खाडीतले शेवाळलेले दगड आणि वाळू ओल्या गोणपाटात बांधून पाठवली. ती पेटीत ठेवून काहूनरावांनी महिनाभर नुसतं पाणी ठेवलं. मासा नाही, काही नाही. लोक येऊन रिकामी पेटी पाहून जायचे आणि हसायचे. मी काच रोज घासायचो, तर त्यांनी माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. "नव्या इहिरीचं पानी पयल्या दिवशी कोनी पेते काय? बसू दे त्याले." मग मामाने आणलेल्या पाच काळुंदरांपैकी एकच आत सोडला, बाकीचे शेजारी रांजणात. गोठ्यात पाच नवे बैल एकदम बांधले तर शिंगं मोडतात, हे त्यांचं कारण. पाटलीणबाईंनाही त्यांनी समजावलं की या पाहुण्याला चिमूटभरच जेवण, आणि उरलं तर ताबडतोब काढायचं. बाई आठ दिवस रुसल्या. मग त्याच पेटीपुढे काठी घेऊन बसू लागल्या, आणि कोणी दाणा टाकायला हात वर केला की विचारत, "तुह्या पोटात ढकलू का तो?"

एकेक करून पाचही मासे पेटीत आले. तळहाताएवढे, हिरवट, अंगावर ठिपके. मी सकाळी तांब्याने पाणी उंचावरून धार धरून सोडायचो, म्हणजे त्यात हवा मिसळे. उन्हं चढली की पेटीभोवती ओली गोणपाटं आणि वाळ्याचा पडदा. तरी चैत्रात मासे मलूल झाले. पाणी आटेल तसं आम्ही खारं पाणी वर भरत होतो. काहूनरावांनी बोट बुडवून जिभेला लावलं, मग विहिरीचं पाणीही चाखून पाहिलं. शेवटी म्हणाले, "ऊन पानी नेते, मीठ नेत नाही. आपन मिठावर मीठ घालून राहिलो." त्या दिवसापासून आटेल तेवढं गोड पाणी वर घालायचं ठरलं. मासे दोन दिवसांत पुन्हा खेळू लागले. मी इतका आनंदलो की पाटलीणबाईंच्या पाया पडलो. त्या गोंधळूनच गेल्या.

पण गोड पाणी म्हणजे बंडीची घागर. वैशाखात ती चार कोसांवरची विहीरही तळाला गेली. बाया पहाटेपासून तिथे रांगेत उभ्या राहत. एक दिवस मी पेटीत पाणी ओतत असताना वाटेने जाणारी एक बाई थांबली. भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आमची पोरगी कालपासून खारं पेऊन राहिली, पाटील." काहूनराव ओसरीवरच होते. त्यांनी घागर माझ्या हातातून घेऊन तिच्या डोक्यावर दिली. संध्याकाळी मला म्हणाले, "परवा निघू. मासोया तुह्या खाडीत सोडाच्या."

म्हणजे माझं काम संपलं. मला रात्रभर झोप लागली नाही. आगगाडीत बरण्या मांडीवर धरून मी बसलो होतो आणि काहूनराव खिडकीतून डोंगरांना, बोगद्यांना प्रश्न विचारत होते. माझं काय करणार, हे विचारायचा धीर मला मुंबईपर्यंत झाला नाही आणि गलबतात बसल्यावरही झाला नाही. मला घरी पोचवायलाच ते आले आहेत, असं मी धरून चाललो.

खाडीवर पोचल्यावर त्यांनी बरणीत खाडीचं पाणी वाटी-वाटीने घालायला लावलं, घाई करू दिली नाही. मग पाचही मासे सोडले. ते गेलेही लगेच, मागे न बघता. काहूनराव गुडघाभर पाण्यात उभे राहून ओहोटी पाहत राहिले. एवढं पाणी कुठे गेलं, कोणी ओढलं, पुन्हा येणार हे कशावरून, असं विचारत होते. भरती आली तेव्हा कुठे घरी यायला तयार झाले.

आईने पडवीत पानं मांडली. तिने सरळच विचारलं, "मासे तर सोडलेत. आता हा तिथे काय करणार?"

काहूनरावांनी पागोटं नीट केलं. "माय, आमच्याकडं खाऱ्या पान्याच्या गावाले कोनी लेक देत नाही. म्हनतेत, घागरी वाहून पोरीचा जीव जाते. तरी मी मांगाले आलो. तुमचा लेक द्या. काम काय देईन ते मले बी ठाऊक नाही. पन गावात मी काही इचारलं तं लोक हासतेत. हा इचार करते. हा गेला तं मी बोलू कोनासंगं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे, जिथे आमची विहीर होती. "वैशाखात आमच्याही विहिरीचं पाणी खारट होतं," ती म्हणाली, "त्याला सवय आहे." तिने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. "न्या. पण शिमग्याला धाडत जा."