अश्विन खाली उतरला नाही

वलगावात कुणाचा ट्रॅक्टर फसला, की लोक आधी अश्विनला शोधत. काळ्या मातीतून चाक काढण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. बाप देवमननं त्याला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, "फसला का आंधी खाली उतर, चाक पाह्य, मंग हात लाव." पोरगा फौजेत गेला, रणगाड्याचा चालक झाला, पण हा धडा काही अंगातून निघेना.

छावणीत सराव असा, की रणगाडा खरा, पण शेडमध्ये उभा. आत बसवलेला संगणक पडद्यावर नदी, चिखल, शत्रू सगळं दाखवतो. वळवायचे दांडे खरे, ब्रेक खरा, फक्त गाडी जागची हलत नाही. पडद्यावर गाडी चिखलात रुतली अन् आमच्या अश्विनरावांनी काय करावं? डोक्यावरचं झाकण उघडून सरळ खाली. सिमेंटच्या कोरड्या फरशीवर उभे राहून चाकांवरचा लोखंडी पट्टा पाहू लागले. सगळं शेड हसलं. संगणकाला कुठलं हसू? झाकण उघडलं तशी त्यानं शत्रूची गोळी घातली अन् चालक मेला, असं लिहून मोकळा झाला.

आठवड्यानं पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हा तर दोनदा मेला, तरी खोड शाबूत. शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं, "परवा मैदानात परीक्षा. तिथं उतरलास तर चालकाची जागा गेली, भांडारात पोती उचलशील."

परीक्षेत गाडी खऱ्या चिखलात रुतली. हात झाकणाकडे गेलाच. मग त्याला आपली दोन्ही मरणं आठवली. त्यानं हात मागं ओढला, गाडी इंच इंच मागं घेतली अन् कडेच्या टणक जमिनीवरून बाहेर काढली. उस्तादांनी नुसती मान हलवली. अश्विनला हायसं वाटलं, चालकाची जागा राहिली होती.

संध्याकाळी त्यानं घरी फोन लावून सगळं सांगितलं.

"फसली, अन् तू उतरला नाई?" देवमननं विचारलं.

"नाई, बाबा. लढाईत उतरला का माणूस मरते."

देवमन म्हणाला, "बरं झालं लेका, माह्यं आयकलं नाई."