गाडीतला फवारणी पंप

नांदुऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या गर्दीत गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फक्त काच खाली केली. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी चावी फिरवली, इंजिन घरघरलं, सायलेन्सरमधून वाफेसारखा पांढरा धूर आला आणि गाडी कशीबशी पुढे सरकली.

मी मेहकरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गाडीचा नाद कुठून लागला ते मलाही सांगता येणार नाही, पण लागला. माझी गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखा. हवा दाबली की तापते, आणि मी ती कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्तच दाबत होतो. त्यामुळे इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. त्यावर उपाय म्हणून मी मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण त्या हवेत फवारणारा एक संच मागवून स्वतः बसवला होता. डिकीत टाकी, टाकीजवळ छोटा पंप, तिथून इंजिनापर्यंत नळी आणि नळीच्या टोकाला नोझल. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की पंप सुरू होणार, तुषार उडणार, हवा गार होणार.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. राजूर घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येही गाडी दमत नसे. मग हळूहळू दुखणं सुरू झालं. घाटात पहिल्यासारखा जोर लागेना. गर्दीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन आचके देऊन बंद पडे. आणि टाकीतलं मिश्रण, मी गाडी बैलगाडीसारखी चालवली तरी, कमी होत जाई. मी प्लग बदलले, कॉइल बदलल्या, स्कॅनर लावून पाहिला. तीन रविवार त्यात गेले. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, गाडी इकडे घेऊन या.

त्या दिवशी आम्ही सासरवाडीला निघालो होतो. सासऱ्यांचं गाव नांदुऱ्यापासून जवळच. बाजार समितीपाशी मी गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली आणि उगाच पंपाच्या वायरी हलवून पाहू लागलो. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबाचा फवारणीचा पंप खोलला होता तं त्याच्यात अस्साच पंप होता," ती म्हणाली.

"हा गाडीचा आहे."

"असंल. पण दोघं सख्खे भाऊ दिसतात. इथंच भाभीचं पंप दुरुस्तीचं दुकान हाय. भाभीले दाखवून पाहू. आमच्या घरचे सगळे पंप त्याच नीट करतात."

मी हसलो असेन, कारण ती सरळ समोरच्या दुकानाकडे चालू लागली.

दुकान लहानच होतं. कपाशीवर फवारणीचे दिवस असल्यामुळे बाहेर निळे-पिवळे पाठीवरचे पंप रांगेनं ठेवलेले. काउंटरवर जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ सुटे भाग विकत बसले होते. आत खाली सतरंजीवर, पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या बाई एका पंपाचं पोट उघडून बसल्या होत्या. हातात रबरी मोजे. त्याच भाभी. काउंटरवरचे त्यांचे पती. दुरुस्ती आधी तेच करायचे, मग त्यांना बारीक स्प्रिंगा दिसेनाशा झाल्या.

"हे सांगायचे, मी करायची," भाभींनी मला नंतर सांगितलं. "मंग हळूहळू यांले सांगाचं कामच राह्यलं नाही." पती काउंटरवरून मोठ्यानं हसले.

बायकोनं ओळख करून दिली. भाभी उठल्या, मोजे न काढताच गाडीपाशी आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जवाई, टाकीत औषध कोणतं हाय?"

मी मिथेनॉल सांगितलं. विषारी असतं, पेटतंही पटकन, आणि उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही, हेही सांगितलं. त्यांनी लगेच शेजारच्या चहावाल्याला हाक मारून त्याचा स्टोव्ह बंद करायला लावला. चहावाला काही न विचारता उठला. मग त्यांनी माझ्याकडून टाकी एका कॅनमध्ये रिकामी करवली, झाकण घट्ट लावायला लावलं, आणि तीन वेळा साधं पाणी भरून सगळी नळी धुवायला लावली.

"आमच्याकडे कोणताबी पंप येऊ दे, तीनदा धुतल्याबिगर मी हात लावत नाही. रोज जहराशीच काम हाय न आपलं."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना हेच सांगत आलो होतो. स्वतःच्या गाडीत मात्र तेच मिथेनॉल मी उघड्या हातांनी ओतत होतो.

त्यांनी पंपाकडे नीट पाहिलं. "याचं रबर फाटलं असंल," त्या म्हणाल्या. त्यांनी आपलं दाबाचं मीटर आणून नळीला जोडलं आणि मला पंप चालू करायला सांगितलं. मी आत बसून पंप तपासायचं बटण दाबलं. काटा सरसर वर गेला आणि तिथेच थांबला. त्या क्षणभर काट्याकडे पाहत राहिल्या.

"नाही. पंप चांगला हाय. मी चुकली."

इतक्या सहज म्हणाल्या त्या. मी तीन रविवारांत एकदाही हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

मग त्यांनी मला इंजिनावरचं नोझल काढायला सांगितलं. नोझल बाजूला ठेवलं आणि नळीचं मोकळं टोक खाली धरून त्याखाली काचेचा ग्लास ठेवला. पंप बंद होता. काउंटर सोडून भाभींचे पतीही आले होते. आम्ही चौघं त्या ग्लासाकडे पाहत उभे राहिलो. एक थेंब पडला. मग दुसरा. मग पडतच राहिले.

"पंप बंद, अन् हे चालूच," भाभी म्हणाल्या. नळीत मध्येच एक छोटा वॉल्व्ह होता. पंप थांबला की त्यानं वाट बंद करायची. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "याचं तोंड मिटून नाही राह्यलं." मग त्यांनी इंजिनाकडे मान वळवली. "मले इंजनातलं काही समजत नाही. पण एक सांगा. हे नोझल बसते तिथं हवा बाहेर ढकलते का आत ओढते?"

मी नोझलची जागा डोळ्यांसमोर आणली. टर्बो जोरात असताना तिथं दाब असतो. पाय उचलला की मात्र तिथली हवा इंजिन आत ओढून घेतं. म्हणजे मी हळू चालवत होतो, गर्दीत थांबत होतो, त्या प्रत्येक वेळी इंजिन त्या उघड्या वॉल्व्हमधून मिश्रण पीत बसलं होतं. म्हणून आचके, म्हणून पांढरा धूर, म्हणून टाकी रिकामी. इतकी साधी गोष्ट. मी प्लग बदलत बसलो होतो.

"ओढते," मी म्हणालो. "हळू असताना ओढते."

"मंग झालं तं!"

त्यांनी वॉल्व्ह खोलला. आत बसायच्या जागेवर पांढरा थर धरला होता. नोझल उन्हात धरून पाहिलं, तर त्याचं बारीक भोकही अर्धं बुजलेलं. फवारा पुरेसा उडतच नव्हता, तर हवा गार कशी होणार? घाटात जोर का लागत नव्हता, तेही कळलं.

"पाणी कोठचं टाकता?"

डिस्टिल्ड, मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग मला आठवलं. मागच्या खेपेला डिस्टिल्ड पाणी संपलं होतं, तेव्हा मोठा कॅन भरून मिश्रण सासऱ्यांच्या बोअरच्या पाण्यातच केलं होतं. तेव्हापासून तेच वापरत होतो.

कॅनमधले चार थेंब काचेच्या तुकड्यावर टाकून भाभींनी तो दुकानाबाहेर उन्हात ठेवला. थोड्या वेळानं काचेवर चार पांढरी वर्तुळं उरली. हा सगळा पट्टा खारपाणपट्टा. इथलं पाणी पिकाला सोसत नाही, चहा नासवतं, हे इथलं लहान मूलही जाणतं. आणि मी दरवर्षी क्षारांचा धडा शिकवतो.

नोझल आणि वॉल्व्ह त्यांनी सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, भिजत घातले. मी टाचणी शोधू लागलो तर माझा हात त्यांनी हवेतच थांबवला. "सुई नाही घालाची. भोक मोठं झालं का फवारा गेला." तासभर भिजू दिलं, मग मऊ ब्रशनं घासलं, पाण्यात खळबळून काढलं. पुन्हा ग्लास लावला. आता थेंब अर्ध्यावर लोंबून राहिला, पडला नाही. नोझल हवेत धरून पाण्यावर पंप चालवला, तर धुक्यासारखा गोल तुषार उडाला आणि बायकोच्या साडीवर बसला. ती मागे सरली नाही.

त्यांच्याकडे तसलाच नवा वॉल्व्ह होता. पण त्यातलं रबर मिथेनॉलमध्ये टिकेल का, असं मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मंग माझा नका लावू. हा जुना आज धरला, उद्याचं सांगत नाही मी. याच्या जातीचाच नवा मागवा. तोवर हे बंद ठेवा अन् आरामानं जा."

मी तसंच केलं. सासरवाडीहून मेहकरला परतताना राजूर घाट एका भरलेल्या ट्रकमागून, शहाण्यासारखा चढलो.

नवा वॉल्व्ह आला, तो लावला, मिश्रण ताजं केलं, सीलबंद डिस्टिल्ड पाण्यात. नंतरच्या रविवारी पुन्हा सासरवाडीला जाताना बुलढाण्याच्या गर्दीत गाडीनं एकदाही आचका दिला नाही. परतीच्या आधी मी भाभींच्या दुकानासमोर थांबलो. म्हटलं, चला, गाडीत बसवून एक फेरी मारतो, आता कशी पळते ते दाखवतो.

त्यांनी दारातल्या पंपांच्या रांगेकडे हात केला. सात होते. "एवढे शेतकरी सकाळपासून वाट पाहून राह्यले. मले नाही जमणार."

पण त्या बाहेर आल्या. बॉनेट उघडायला लावलं. मोजे काढून ओढणीला हात पुसले आणि नोझलकडे जाणारी नळी दोन बोटांत हलकीच धरली. इंजिन बंद ठेवून मी आतून तपासणीचं बटण क्षणभर दाबलं. खिडकीतून डोकावल्यावर बॉनेटच्या कडेनं मला त्यांचा चेहरा दिसत होता. नळी बोटांत ताठ झाली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. मी बटण सोडलं. पंप थांबल्यावरही आत काही सरकतंय का ते जोखत त्या बोटं तशीच ठेवून उभ्या राहिल्या, डोळे मिटून, जणू कुणाची नाडी पाहताहेत. मग समाधानानं मान डोलावली, मोजे चढवले आणि आत जाऊन पुन्हा सतरंजीवर बसल्या.