माझ्यासाठी टीव्ही बंद करू नका

मंडळी, आज मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खिदिरपूरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात माझं निमित्त करून टीव्ही बंद केला गेला.

पुण्याहून आलेलं कपाट सोडवायला गेले होते. बाकांवर ट्रक ड्रायव्हर गुप्तरोगांची माहिती देणारी फिल्म बघत बसले होते. मला पाहताच बंगाली मॅनेजरने रिमोट दाबला आणि मला मावशी करून टाकलं.

"माशीमा, आपके सामने ये सब अच्छा नहीं लगता."

म्हटलं, "बाबा, मी नन्सच्या शाळेत शिकले, तरी मला दोन मुलं झाली. लगाओ वापस!"

तो नुसता हसला. तेवढ्यात एक ड्रायव्हर खाली मान घालून उठला. "लगा दो ना, साहब. दवा कहाँ मिलेगी, वही तो बता रहे थे."

खोलीत कोणीही हसलं नाही. मी रिमोट हिसकावला आणि फिल्म पहिल्यापासून लावली! दवाखान्याचा पत्ता आला तेव्हा भराभर मोबाइल निघाले, फोटो काढले गेले. त्या ड्रायव्हरनेही काढला.

मॅनेजरसाहेबांना इंग्रजीत कळवलंय: बाई आली म्हणून ही फिल्म पुन्हा बंद होणार नाही, असं शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्या. तोवर कपाट तिथेच राहील, आणि त्याची चौकशी करायला मी रोज ऐन फिल्मच्या वेळी येईन.