आवाज उशिरा येतो

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, नजर गेली तेव्हा तो सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. डोळ्यांमागची नस सुकली होती, डॉक्टरांनी हात टेकले. नोकरी सुटली आणि सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत तो दिवसभर भिंतीला टेकून बसू लागला.

त्याला पुन्हा हसताना पाहिलं ते कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटच्या गेममुळे. हेडफोनमध्ये बोलरची पावलं, मग चेंडूचा टप्पा, आणि त्याच क्षणी दादाचं बोट बटणावर. कानांनी तो चौकार मारायचा. धावा कॉमेंटरीतून कळायच्या, त्या तो आईला ऐटीत ओरडून सांगायचा.

मग व्हायरसने विंडोज गेलं. पुन्हा टाकायला घेतलं की निम्म्यावर अडकायचं. कॉलेजातल्या मित्राने कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली, ती मात्र विनातक्रार चढली. विंडोजचे गेम चालवणारा एक प्रोग्रॅमही तिच्यात होता. गेम सुरू झाला, खेळाडू मैदानात उतरले, पण आवाज नाही.

"लागला का?" दादा हेडफोन लावूनच बसला होता.

"लागतोय."

मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवरची परदेशी लोकांची उत्तरं कागदावर उतरवून आणायचो. लिनक्समध्ये साउंड कार्डाचा आवाज मुळातच बंद ठेवलेला असतो, हे पहिल्यांदा कळलं. तो उघडला. गाणी वाजली, गेम मुकाच. मग कळलं, डेस्कटॉपचाच एक प्रोग्रॅम कार्ड अडवून बसतो, गेमला मिळूच देत नाही. तो बंद केला आणि स्टेडियमचा गलका घुमला. दादाने माझा हात घट्ट धरला.

पहिल्याच चेंडूवर तो बोल्ड झाला. पुढच्यावरही. सारखा तसाच. मी पडद्याकडे नीट पाहिलं. टप्पा आधी पडत होता, आवाज मागाहून येत होता. डोळस माणसाला तेवढा उशीर जाणवलाही नसता. सेटिंग बदलून उशीर कमी केला की आवाज फाटायचा, नुसती खरखर. खरखर घालवली की पुन्हा उशीर.

दादाने हेडफोन काढून ठेवले.

"अजून एक उपाय आहे, बघतो," मी म्हणालो.

"नको रे. दिसत नाही, ते मी मानलंय. आता हेही जमत नाही, हे रोज रोज नाही ऐकवत."

तरी कॉलेजहून आलो की मी सेटिंग बदलत बसायचो. स्वतः डोळे मिटून खेळून पाहायचो. एकदाही चेंडू बॅटला लागला नाही.

दादाने गेमचं नाव पुन्हा काढलं नाही. शेजारी टीव्हीवर मॅच लागली की तो चाचपडत उठायचा आणि खिडकी लावून घ्यायचा.