टेम्पोत चढवलेली मोटार

माझे थोरले दीर माणूस कपड्यांवरून ओळखत. इस्त्री असली की सरकारी, नसली की चोर. दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातल्या घराची राखण एवढ्याच अकलेवर चालली होती. नवरा नाशिकला कारखान्यात, फक्त शनिवारी यायचा. बाकी सहा दिवस दिरांचा शब्द शेवटचा, आणि मी मॅट्रिक झालेली धाकटी सून, पदर डोक्यावर घेऊन तो ऐकणारी.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. द्राक्षाची छाटणी नुकतीच आटोपली होती. एका सकाळी सुपं-टोपल्या विकणारी म्हातारी आली आणि तिनं प्यायला पाणी मागितलं. दिरांनी ओसरीवरूनच कुत्रं सोडलं. तिनं टोपली आडवी धरून ते थोपवलं आणि मला ओरडून सांगितलं, "बाई, टेम्पोवाले फिरत्यात. सिन्नरकडं दोन विहिरींवरच्या मोटारी नेल्या. इचारल्याबिगर काय देऊ नका!"

"हिला बरी चोरांची बातमी!" दीर म्हणाले.

त्याच दुपारी टेम्पो आला. सफारीतला माणूस उतरला, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. म्हणाला, "नव्या योजनेत जुन्या मोटारी फुकट दुरुस्त करून देतोय. आठ दिवसांत परत."

दिरांनी त्याला खुर्ची दिली. स्वतः खाली घोंगडीवर बसले. चहा मी केला. कप देताना राहवलं नाही. "दादा, काही लेखी तरी मागून घ्या."

माझ्याकडे न बघता ते पाहुण्याला म्हणाले, "आमच्यात बाया शिकल्यात, साहेब." दोघंही हसले.

मग माझे हे शूर दीर हातात पाना घेऊन विहिरीत उतरले. नटबोल्ट स्वतः सोडवले. चार गड्यांना दोर ओढायला लावून मोटार वर काढली, टेम्पोत चढवली. घासू नये म्हणून खाली पोतं अंथरलं. वर साहेबांना पेरूची पाटी. बिचाऱ्या चोरांना घाम पुसायचीही वेळ आली नाही.

आठाचे पंधरा दिवस झाले. वेलींना पाणी नाही. दीर तालुक्याला चौकशी करून आले. असली योजना तिथे कुणी ऐकलेली नव्हती. आता माणसानं घरी येऊन मान खाली घालावी. दिरांनी गावात सांगितलं, "मोटार चोरीला गेली. ती टोपलीवाली टेहळणी करून गेली होती."

बाजाराच्या दिवशी लोकांनी तिला एसटी थांब्यावर धरलं आणि ग्रामपंचायतीत आणून बसवलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईनं मला सांगितलं. हातातली भाकरी तव्यावर टाकून मी निघाले.

म्हातारी जमिनीवर बसली होती. तिच्या टोपल्या तुडवल्या होत्या. सभोवती वीसेक मर्द आणि मधोमध दीर. मी उंबऱ्यातूनच बोलले, "मोटार चोरीला गेली नाही. दादांनी स्वतः काढून टेम्पोत चढवून दिली. या आजीनं सकाळीच सावध केलं होतं. आम्ही तिच्यावर कुत्रं सोडलं."

"बायकांनी यात पडू नये," दीर भिंतीला म्हणाले.

तेवढ्यात मागून आमचा एक गडी बोलला, "खरं हाय. दोर मीच ओढला."

सरपंच घड्याळ बघू लागले. टोपल्या तुडवणाऱ्यांना एकाएकी शेतातली कामं आठवली. माफी एकानंही मागितली नाही. म्हातारी मोडकी सुपं गोळा करू लागली. मी वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या बाई." त्या दिवशी तिनं मला त्या वीस जणांतच धरलं. चूक नव्हतं ते. कुत्रं सुटलं तेव्हा मीही गप्पच होते.

त्या साली बाग अर्धी गेली. पुढे पोलिसांनी गावागावांत रक्षक दल काढायला सांगितलं, तेव्हा गावानं प्रमुख म्हणून एकमतानं माझ्या दिरांनाच निवडलं. गळ्यात शिट्टी, हातात काठी. पेठकडून मजुरीला येणाऱ्या बायकांची गाठोडी ते भर रस्त्यात सोडायला लावत आणि जीप दिसली की हात जोडत.

त्या निवडीनंतरच्या शनिवारी नवरा आला तेव्हा मी सांगून टाकलं, "यापुढे घराच्या किल्ल्या माझ्याकडे राहतील." त्यानं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. दीर महिनाभर माझ्या हातचं जेवले नाहीत. माझं तेवढंच काम कमी झालं.