दयानंदरावांचं दुहेरी कुलूप

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दयानंदराव मूळचे उदगीरचे. पण 'बाहेरची माणसं' हे शब्द त्यांच्याइतक्या तुच्छतेने इथे कोणी उच्चारत नाही. हिंजवडीत त्यांची नोकरी सर्व्हर सांभाळायची. सोसायटीची वेबसाइटही त्यांनीच उभी केली आणि यंदा सेक्रेटरीपदाचं मतदान तिच्यावरच ठेवलं. विरोधात होते कोंडीराम. आमच्या इमारती त्यांच्याच भातखाचरांवर उभ्या आहेत.

कोंडीरामांचे पाहुणे पुण्यात बसून मतं टाकतील, असा दयानंदरावांना दाट संशय. म्हणून सर्व्हरवर दोन अटी घातल्या: प्रत्येक फ्लॅटचा पासवर्ड हवा आणि मत सोसायटीच्याच इंटरनेटवरून यायला हवं. इंटरनेटलाही पत्ता असतो, हे त्यांनी सभेत घसा बसेपर्यंत समजावलं. एक अट पुरे की दोन्ही हव्यात, हे सर्व्हरला एका ओळीत सांगावं लागतं. त्यांनी 'दोन्ही' सांगितलं. वर ताकीद दिली, पासवर्ड बायकोलासुद्धा सांगायचा नाही.

"आमी जानार कुटं? हितंच हाय," कोंडीराम म्हणाले.

मतदानाच्या रविवारी दयानंदरावांच्या कंपनीची सहल मुळशी धरणाकाठी निघाली. दुपारी परतू म्हणून गेले आणि येताना पौडपाशी गाड्यांच्या रांगेत बस अडकली. मोबाइलवर वेबसाइट उघडली, तर उत्तर आलं: तुम्हाला प्रवेश नाही. पासवर्ड बरोबर, पत्ता बाहेरचा! अट सैल करावी, तर ती बदलायचं पानही त्यांनी हौसेने त्याच कुलपात घातलेलं. लढत अटीतटीची, मतदान संपत आलेलं. पद जाणार या भीतीने माणूस रडकुंडीला आला.

शेवटी घरी फोन केला. सुलक्षणावहिनी घरी, म्हणजे सोसायटीच्या नेटवर. दयानंदराव इतकं हळू कुजबुजले की वहिनी म्हणाल्या, "अहो, मोठ्याने बोला." मग अख्ख्या बसला कळलं, की पासवर्ड 'सेक्रेटरीमीच' आहे.

दयानंदराव एका मताने पडले.

घरी येऊन त्यांनी विचारलं, "मत नीट गेलं होतं ना?"

"गेलं. कोंडीरामांना दिलं."

"अगं, पण का?"

"सेक्रेटरी झाल्यापासून माझ्याशी कधी निवांत बोललात?" वहिनींचे डोळे भरून आले. "सहलीला गेल्यावर आज पहिल्यांदा फोन आला, तर तोही पासवर्ड सांगायला."