एक जूनला जन्मलेली माणसं

पुण्यातल्या ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिचं काम सांगायला सोपं आहे. गावोगावी नेत्रशिबिरं होतात, मोतीबिंदू सापडलेल्यांची नावं संगणकात चढतात आणि शस्त्रक्रियेला कुणाला कधी बोलवायचं हे आमची यादी ठरवते. ती यादी ज्या नियमांवर चालते, ते माझा विभाग लिहितो. मी संख्याशास्त्र शिकले ते नियमांवर विश्वास होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर लवकर वर जायचं होतं म्हणूनही.

तीन वर्षांपूर्वी त्या यादीत मोठा गोंधळ होता. एकच माणूस तीन शिबिरांना जाई, तीनदा नोंदला जाई आणि दर वेळी घरातल्या वेगळ्या माणसाचा मोबाइल नंबर देई. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे गाळलेलं. मी नियम बसवला: नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. एका गावात एका नावाचे दोघे असू शकतात; पण त्यांचा जन्मही एकाच दिवशीचा असण्याची शक्यता किती, हे मी गणित मांडून दाखवलं होतं. ती नगण्य होती. यादी आटली, फोन करणाऱ्या मुलींची दमछाक थांबली आणि मी टीम लीड झाले. यंदा विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव पुढे आलं. संचालकांसमोरच्या सादरीकरणाची पहिली स्लाइड अर्थातच तो नियम होता.

सादरीकरण निवांतपणे बसवावं म्हणून मी चार दिवस धामणगाव बढ्याला घरी गेले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी त्यांचे बालमित्र चहाला आले. ते आठवडी बाजारात शिलाई मशीन लावून बसतात. पहिलीपासून दोघं एका वर्गात. सगळं गाव बाबांना गुरुजी म्हणतं, हे एकटेच मुद्दाम ‘मास्तर’ म्हणतात.

“मास्तर, तुही पोरगी त्या डोयावाल्याइकडंच हाय ना? तिले इचार बरं, माह्या दुसऱ्या डोयाचं काय झालं? उजवा झाला. डाव्यासाठी फोन करतो म्हणले, साल होऊन राह्यलं. सुई ओवाची म्हणजे चारदा नेम धरा लागते.”

मी त्यांची नोंद उघडली. क्षणभर मला बरं वाटलं, कारण उत्तर तयार होतं.

“काका, तुमचे तर दोन्ही डोळे झालेत. इथे तसं लिहिलंय.”

त्यांनी बाबांकडे पाहिलं. “हाव? मंग हा डावा कोनाचा घेऊन फिरून राह्यलो मी?”

बाबा हसले, पण लगेच थांबले. “जन्मतारीख कोणती दिसते तिथं?”

“एक जून.”

“एक जून त माह्यीबी हाय,” बाबा म्हणाले. “तुह्याच नावाच्या त्या इहिरीपासच्याचीबी हाय. आमच्या अख्ख्या वर्गाची हाय. हाय ना बे?”

“मंग काय!” काका म्हणाले. “हेडमास्तरनं इचारलं, पोरगं कधीचं? माहा बाप म्हणे, कापूस येचाच्या टायमाचं. त्यानं लिवलं एक जून.”

शाळा जूनच्या अखेरीस उघडायची. एक जून लिहिलं की मुलाची सहा वर्षं पूर्ण झाली, असं दाखवता येई आणि दाखला बिनबोभाट होई. पुढे बाबांनीही कितीतरी मुलांची तीच तारीख नोंदवली. आमच्या गावात जत्रेच्या देवाचं नाव घरटी एका मुलाला असतं. काकांच्या वर्गातच त्या नावाचे दोघे होते, आडनावही एकच. गावाने त्याची सोय केव्हाच लावली होती: एक विहिरीपासचा, एक देवळापासचा, म्हणजे हे काका. विहिरीपासच्याचे दोन्ही डोळे आधीच्या शिबिरात झाले होते. काकांच्या उजव्या डोळ्याच्या वेळी अर्जात जन्मतारीख कोरीच राहिली होती; डाव्यासाठी ती भरली गेली, आणि माझ्या नियमाने दोघांचा एक माणूस करून त्याचं काम पूर्ण झाल्याची खूण केली.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. दर एक जूनला मी पुण्याहून बाबांना केक पाठवते, आणि केकवाला मलकापूरहून येताना त्याच दिवशीचे आणखी चार डबे घेऊन येतो, यावर आम्ही घरात हसत आलो आहोत. पण ती घरातली गंमत होती. गणित मांडताना मी सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य धरल्या. ज्या माणसांचा जन्म कुणी लिहूनच ठेवला नव्हता, त्यांना मी त्या गणितात घेतलंच नव्हतं. आणि मोतीबिंदू नेमका त्याच वयाच्या माणसांना होतो.

मी यादीत एक जून आणि शाळांनी अशीच सोयीने लिहिलेली दुसरी तारीख, एक जुलै, शोधली. किती नोंदी एकत्र झाल्या होत्या तो आकडा समोर आला. काका अजून बशीत चहा ओतत होते. डोक्यात एक सोयीची योजना तयार झाली होती: सोमवारी सादरीकरण करायचं, जागा मिळवायची, आणि मग विभागप्रमुख म्हणून ही दुरुस्ती आपणच काढायची. तोट्यापेक्षा फायदा जास्त दिसत होता. अडचण एवढीच होती की काका समोर होते आणि डाव्या डोळ्यावर हात धरून मला नीट पाहत होते.

“सापडलं काय काही, बाई?”

“सापडलं, काका. चूक माझी आहे.”

“तुही कशी? तू त तवा जन्मलीबी नव्हती.”

मी तिथूनच मुख्य संचालकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सोमवारी काय दाखवणार मग?” “हेच,” मी म्हटलं.

सोमवारी पहिल्या स्लाइडवर तो नियम होता आणि त्याखाली, त्याने कुणाकुणाला पुसून टाकलं त्याचा हिशोब. एका संचालकांनी विचारलं, हे तुमच्या तपासणीत का आलं नाही? मी सांगितलं की तपासणीचे नियमही मीच लिहिले होते. विभागप्रमुखाची नेमणूक पुढे ढकलली गेली. यादी आधी सरळ करा, मग पाहू. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

एकत्र झालेल्या नोंदी सोडवायला कुठलीही हुशारी कामी येत नाही, एकेकाला फोनच करावा लागतो. नोंदणीच्या अर्जात मी एक नवा प्रश्न घातला: गावात तुम्हाला कशावरून ओळखतात? माझ्या टीममधला एक जण म्हणाला, “मॅडम, हा डेटा कुठल्या प्रकारात बसवायचा?” मी म्हटलं, तो बसवणं आपलं काम, सांगणं त्यांचं.

काकांना फोन आला तेव्हा ते आमच्याच घरी होते, असं बाबांनी कळवलं. फोनवरच्या मुलीने नाव, गाव, जन्मतारीख विचारली आणि मग तो नवा प्रश्न.

“देवळापासचा लिवा,” काका म्हणाले. “अन् बाई, डावा डोया. इहिरीपासच्याले आता तिसरा करू नका.”